हाडाचे विद्यार्थी

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला स्टेथोस्कोप गळ्यात पडायच्या आधी हातात येतो तो बोन सेट. बहुतेक वेळा सीनियरकडून घेतलेला, हाताळून हाताळून पिवळट आणि गुळगुळीत झालेला. स्नायू जिथून निघतो तिथे कुणीतरी लाल रंग दिलेला, जिथे जाऊन चिकटतो तिथे निळा. होस्टेलच्या खोलीत त्याचा मुक्काम खाटेखाली आणि व्हायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री थेट उशाशी.

बाहेरच्यांना सांगाडा म्हटलं की अमावस्या आठवते. खरं तर सांगाड्याइतकी प्रामाणिक नोंद माणूस दुसरी कुठलीच मागे ठेवत नाही. हाडावरचा उंचवटा स्नायूच्या ओढीतून उभा राहतो, खाचेतून एखादी रक्तवाहिनी नाहीतर नस गेलेली असते. घोकलेली हाडं आठवडाभरात विसरायला होतात. पण कोण कुणाला ओढतं आणि कोण कुणावर घसरतं हे एकदा कळलं की ती विसरू म्हटलं तरी विसरत नाहीत. म्हणून ही थोडी हाडं, थोडे सांधे आणि त्यांच्या नादाने झपाटलेली काही माणसं.

मोजायला बसलं तर

मोठ्या माणसात हाडं २०६, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. जन्मलेल्या बाळात मात्र सुटे तुकडे मोजले तर ३०० च्या आसपास भरतात. मग उरलेले जातात कुठे? कुठेच नाही, एकमेकांत मिसळतात. कंबरेखालचं त्रिकास्थी हातात घेतलं तर एकसंध हाड वाटतं, पण ते पाच मणके जुळून झालेलं असतं आणि त्या जोडाच्या आडव्या रेषा बोटाला लागतात. शिवाय २०६ पैकी १०६ हाडं नुसत्या हातापायांच्या पंजांत आहेत: एका हातात २७, एका पायात २६. निम्म्याहून जास्त सांगाडा मनगटापासून आणि घोट्यापासून पुढे!

सुश्रुताने हाडं ३०० सांगितली, चरकाने ३६०. चुकले म्हणून सोडून देण्याआधी त्यांचा हिशेब बघावा. सुश्रुताच्या पाच प्रकारांत दात आहेत, कूर्चाही आहे. चरकाने तर नखंसुद्धा धरली आहेत. हाड कशाला म्हणायचं हेच वेगळं ठरवलं, तर बेरीज वेगळी येणारच. सांध्यांच्या बाबतीत सुश्रुत थक्क करतो. त्याने २१० सांधे मोजले आणि ते कसे हलतात, कसे बसतात यावरून त्यांचे आठ प्रकार पाडले. खांदा आणि खुबा त्याला उखळासारखे दिसले, कवटीचे सांधे शिवणीसारखे, जबड्याचा सांधा कावळ्याच्या चोचीसारखा. न हलणारी शिवण आणि गरगर फिरणारं उखळ हा फरक ज्याने टिपला, त्याने हे सांधे स्वतः हाताळलेले असणार.

बघण्याची त्याची रीतही लिहून ठेवलेली आहे. मृतदेह गवतात गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला ठेवायचा. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासायचं आणि एकेक थर मोकळा होताना डोळ्यांनी बघायचा. सुरीऐवजी पाणी आणि कुंचला!

साइड कुठली?

व्हायवाचा पहिला प्रश्न ठरलेला. समोर हाड ठेवलं जातं आणि विचारलं जातं, डावं की उजवं? पुष्कळांना इथेच घाम फुटतो. गुडघ्याच्या वाटीने मात्र कुणी घाबरू नये, कारण आपली बाजू ती स्वतः सांगते. सांध्याकडची गुळगुळीत बाजू टेबलावर पालथी ठेवायची, निमुळतं टोक स्वतःपासून लांब करायचं आणि हात काढून घ्यायचा. वाटी ज्या बाजूला कलंडेल त्या बाजूची. कारण मागच्या पृष्ठभागाचे दोन उतार सारखे नसतात. बाहेरच्या अंगाचा उतार मोठा असतो आणि वाटी त्याच्यावर टेकते. ही वाटी जन्मतः हाडाची नसतेच, कूर्चेची असते. तिचं हाड व्हायला साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी सुरुवात होते. रांगणाऱ्या बाळांची सोयच म्हणायची.

परीक्षकांचं लाडकं हाड म्हणजे गळ्याखालचं क्लॅव्हिकल. प्रत्येक बाबतीत त्याचा वेगळा बाणा. लांब हाडांत आडवं असलेलं हे एकटंच. त्याचा बराचसा भाग कूर्चेचा साचा न घेता थेट पडद्यातून घडतो. गर्भात सगळ्यांत आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमाराला, हाड होऊ लागतं ते हेच, आणि छातीकडच्या टोकाशी पुरतं जुळून यायला सगळ्यांत उशीर लावतं तेही हेच. विशी उलटते, काहींची तिशीही जवळ येते. म्हणून न्यायवैद्यकात विशीतल्या माणसाचं वय ठरवायचं असेल तर हे टोक कामाला येतं. हात टेकून पडलं की दणका खांद्यातून याच हाडात येतो आणि ते बहुधा एकाच ठिकाणी मोडतं: जिथे त्याचा बाक दिशा बदलतो तिथे.

उकिडवं बसणाऱ्यांचे घोटे

बोन सेटमधलं मला सगळ्यांत आवडणारं हाड नडगीचं, म्हणजे टिबिया. त्याचं खालचं टोक समोरून उजेडात धरावं. घोट्याच्या सांध्याची गुळगुळीत गादी जिथे संपते, त्या पुढच्या काठावर कधी कधी एक छोटा चकचकीत ठसा दिसतो. बोट फिरवलं तर आजूबाजूचं हाड खरखरीत लागतं आणि तेवढीच जागा तुळतुळीत. त्याला जोडीदार असा दुसरा ठसा पायाच्या टेलस हाडाच्या मानेवर सापडतो. दोन्ही हाडं हातात घेऊन पाऊल वर दुमडलं की दोन ठसे बरोबर एकमेकांना टेकतात. माणूस पाऊल सपाट ठेवून उकिडवा बसतो तेव्हाची ही स्थिती.

लाहोरच्या मेडिकल कॉलेजात अॅनाटॉमी शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी पंजाबी माणसांच्या पायांच्या हाडांवर १८९३ साली यावर निबंध लिहिला. खुर्चीत बसणाऱ्या युरोपीय माणसांच्या हाडांत हे ठसे क्वचित दिसत आणि जमिनीवर बसणाऱ्यांत सर्रास. आपल्याकडे भाजी निवडताना, चुलीपुढे, शेतात निंदणी करताना, गप्पा मारताना माणसं उकिडवी बसत आली. त्यांच्या घोट्यांनी ते टिपून ठेवलं. नाव-गाव काही माहीत नसलेल्या माणसाची बसण्याची सवय आपल्याला बोटाने वाचता येते, यापेक्षा मोठा थरार मला पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात दिसत नाही.

हो, नाही आणि कडाकड

मानेतले पहिले दोन मणके म्हणजे होकार आणि नकार. कवटी पहिल्या मणक्यावर पुढे-मागे डोलते, ते ‘हो’. पहिला मणका कवटीला घेऊन दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो, ते ‘नाही’. ही खुंटी मुळात दुसऱ्या मणक्याची नाही. गर्भात पहिल्या मणक्याचा मधला भाग सुटून दुसऱ्याला चिकटला, म्हणून पहिला मणका नुसतं कडं होऊन राहिला. आणि मानेतले मणके सातच, जिराफाचेही सातच! त्याचा एकेक मणका लांबलचक असतो, एवढाच फरक.

गुडघा हा शरीरातला सगळ्यांत मोठा सांधा. त्याला कुलूप आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. पाय सरळ होत आला की शेवटच्या टप्प्यात मांडीचं हाड नडगीवर किंचित आत वळतं, अस्थिबंध ताणले जातात आणि गुडघा अडकून बसतो. मग स्नायूंना फारसे कष्ट न देता रांगेत तासभर उभं राहता येतं. कुलूप उघडायचं काम गुडघ्याच्या मागच्या पॉप्लिटिअस नावाच्या छोट्या स्नायूचं. तो हाड उलट वळवतो, मग गुडघा दुमडतो. प्रार्थनेच्या रांगेत पुढच्याच्या गुडघ्यामागे हळूच टप्पू मारणाऱ्या पोरांना हे कुलूप कुठून उघडतं ते वर्ग चौथीतच कळलेलं असतं.

खांदा म्हणजे उलटा सौदा. खोबण इतकी उथळ की हाडाचा गोळा तिच्यावर नुसता टेकलेला. म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच खांदा सगळ्यांत जास्त वेळा निखळतो. खुब्याची खोबण खोल, त्याच्यासमोरचा अस्थिबंध शरीरातला सर्वांत दणकट. खुबा फिरतो कमी, पण सहसा सुटत नाही.

आता बोटं मोडण्याबद्दल. आजी नातवाची दृष्ट काढताना कानशिलावर कडाकडा बोटं मोडते, आणि एरवी तीच ओरडते की बोटं मोडू नकोस, सांधे सुजतील. डोनाल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टरांना लहानपणी अशीच ताकीद मिळाली होती. त्यांनी साठ वर्षांहून जास्त काळ फक्त डाव्या हाताची बोटं रोज मोडली, उजवा हात तुलनेसाठी ठेवला. शेवटी दोन्ही हात तपासले तर संधिवात एकातही नाही. त्यांना २००९ साली इग नोबेल मिळालं. आवाज कुठून येतो? सांध्यातल्या वंगणावरचा दाब ताणामुळे एकदम उतरतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे एमआरआयमध्ये घडताना टिपलं. तेच बोट लगेच पुन्हा मोडत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं, त्याचं कारणही तो वायूच. तो वंगणात परत विरघळावा लागतो.

सर्वांत लहान सांधे कानात आहेत. तिथली तीन हाडं जन्मतःच मोठ्या माणसाच्या मापाची असतात, तिसरं जेमतेम तीन मिलिमीटरचं. तरी त्यांच्यामधले सांधे मोठ्या सांध्यांच्याच जातीचे, पोकळी-वंगणासकट. उलट गळ्यातल्या हायॉइडला एकाही हाडाशी सांधा नाही. ते स्नायू आणि अस्थिबंधांवर लटकून असतं आणि आपलं बोलणं-गिळणं सांभाळतं. गळा आवळल्याचा संशय असेल तर शवविच्छेदनात ते मोडलंय का, हे आवर्जून बघतात.

मनगटातलं घड्याळ

मनगटाची आठ हाडं पाठ करायला भारतभरची मुलं एकच वाक्य म्हणतात: ‘शी लुक्स टू प्रिटी, ट्राय टू कॅच हर’. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रॅपिझियम, ट्रॅपिझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. क्रम पक्का बसतो, पण हाड ओळखता येत नाही. त्यापेक्षा एक्स-रे बघावा. नवजात बाळाच्या मनगटाच्या एक्स-रेत तिथे काहीच दिसत नाही, कारण सगळी कूर्चा. पहिल्या काही महिन्यांत कॅपिटेट उगवतं, मागोमाग हॅमेट, मग थोड्या थोड्या वर्षांच्या अंतराने बाकीची. वाटाण्याएवढं पिसिफॉर्म सगळ्यांत शेवटी, नऊ ते बारा वर्षांच्या सुमाराला.

या ठरलेल्या क्रमावर क्रीडा संघटनांचा भरवसा आहे. जन्मदाखला खाडाखोड केलेला असू शकतो, पण मनगट वय लपवत नाही. बीसीसीआय ज्युनियर खेळाडूंच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे बघते. फिफाने २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. अर्थात हाडाचं वय आणि दाखल्यावरचं वय यांत वर्ष-दोन वर्षांचा फरक नैसर्गिकही असू शकतो, त्यामुळे अगदी काठावरच्या मुलावर अन्याय होण्याची भीती राहतेच. ती भीती मला रास्त वाटते.

ग्रेच्या पुस्तकातला भायखळ्याचा माणूस

‘ग्रेज अॅनाटॉमी’ हे नाव वैद्यकाशी संबंध नसलेल्यांनीही ऐकलेलं असतं. ते १८५८ साली लंडनमध्ये निघालं तेव्हा त्यात ३६३ चित्रं होती आणि विद्यार्थी त्या चित्रांवरच लुब्ध झाले. तोपर्यंतच्या पुस्तकांत भागाला अक्षर किंवा आकडा द्यायचा आणि नाव तळाशी शोधायला लावायचं, अशी पद्धत फार. इथे नाव थेट हाडावर, स्नायूवर, धमनीवर लिहिलेलं. नजर चित्रावरून हलायचं कारण नाही. ही चित्रं हेन्री ग्रेने काढलेली नव्हती. ती काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टरने. मोबदला म्हणून त्याला एकरकमी १५० पौंड मिळाले, पुढच्या विक्रीतला वाटा नाही. मुखपृष्ठामागच्या पानावर त्याचं नाव लहान अक्षरांत छापावं, असा बदलही ग्रेने सुचवला.

पुस्तक बाजारात आलं तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हताच. तो मुंबईत होता! भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, जे. जे. रुग्णालयाच्या आवारात, तो अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजीचा प्राध्यापक झाला. पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून गेला, परत येऊन ग्रँटचा प्राचार्यही झाला. पाय सुजवून हाडांपर्यंत पोखरणाऱ्या मदुरा फूट या रोगावर त्याने इथे मूलभूत काम केलं, कुष्ठरोगावरही. मुंबईत तापाची साथ आली तेव्हा रुग्णांच्या रक्तातले जंतू तपासता तपासता तो ताप त्यालाही झाला. ग्रे १८६१ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, देवीच्या रोगाने गेला. पुस्तक त्याच्या नावाने जगभर गेलं. जे. जे.च्या आवारातून रोज जाणाऱ्या मुलांना तरी कार्टरचं नाव पहिल्याच तासाला सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

कवटी मोजणाऱ्या इरावतीबाई

बाळाची टाळू भरताना आई तेल घालते ती जागा म्हणजे कवटीच्या हाडांमधला, पडद्याने झाकलेला मोकळा कोपरा. हाडं सुटी असल्यामुळे जन्माच्या वेळी ती एकमेकांवर सरकतात आणि डोकं बाहेर येऊ शकतं. पुढे मेंदू झपाट्याने वाढतो, त्यालाही जागा मिळते. साधारण दीड वर्षाच्या सुमाराला टाळू भरून येते.

कवटीची दोन अंगं कधीच तंतोतंत सारखी नसतात. हीच असमानता मोजायला १९२० च्या दशकाच्या अखेरीस एक मराठी बाई बर्लिनला गेल्या होत्या. ‘युगान्त’मुळे घराघरांत माहीत असलेल्या इरावती कर्वे. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते. कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसावा, अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही असं आपल्या प्रबंधात लिहिलं. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, नुसत्या मापांच्या जोरावर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातलं त्यांचं पुढचं काम सर्वांना ठाऊक आहे. हा पहिला प्रबंध त्याहून कमी तोलाचा नाही.

हाडं येतात कुठून

एके काळी जगभरच्या मेडिकल कॉलेजांत टांगलेले सांगाडे भारतातून, मुख्यतः कोलकात्यातून गेलेले असत. ही निर्यात १९८५ मध्ये बंद झाली. कॉलेजांना शवं मिळण्यासाठी आपल्याकडे १९४९ चा अॅनाटॉमी कायदा आहे, आणि आता देहदान करणारी कुटुंबंही पुढे येतात. नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थी विच्छेदनाच्या पहिल्या दिवशी शपथ घेतात आणि त्या देहाला पहिला गुरू मानतात. खऱ्या हाडांची चणचण असल्यामुळे प्लॅस्टिकचे सेट आलेत. सुरुवातीला नावं शिकायला ते ठीक. पण एका साच्यातून निघालेल्या सगळ्या टिबिया एकसारख्या असतात. विभागातली खरी हाडं हातात घेतल्याशिवाय माणसामाणसांतला फरक कळत नाही.

जिवंत हाड तर याहून वेगळं: ओलसर, गुलाबीसर, सतत मोडून पुन्हा बांधलं जाणारं. दरवर्षी सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा नवा होतो. त्यातले क्षार म्हणजे सिमेंट आणि कोलॅजन म्हणजे सळया. घरी करून बघा. कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ केलेलं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखं वाकतं. टेनिसपटूंच्या खेळायच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड भरतं. सकाळी आपण रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात.

आणि बोन सेट नसला तरी एक हाड आत्ताच शोधता येईल. अंगठा ताणून वर करा. त्याच्या बुडाशी दोन दोऱ्यांमध्ये खळगा पडतो. पूर्वी तपकीर ओढणारे चिमूट इथे ठेवायचे. त्या खळग्यात बोट दाबलं की तळाशी लागतं ते स्कॅफॉइड. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळतं, त्यामुळे मधोमध मोडलं तर मागचा तुकडा उपाशी राहून मरू शकतो. ही मोड पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतही नाही. हात टेकून पडल्यावर नेमकं त्या खळग्यात दुखत असेल, तर एक्स-रे स्वच्छ आला तरी डॉक्टर मनगट बांधून ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. त्या तारखेला नक्की जावं.